पूर्वसंशोधनाचा आढावा व यंत्रसाहाय्य

एखाद्या विषयावर पूर्वी झालेले संशोधन शोधून काढणे, त्यातील ग्राह्य व अग्राह्य भाग वेगळे करणे आणि उरलेल्या पुराव्यावरून त्या विषयाची स्थिती निश्चित करणे, या कार्यास पूर्वसंशोधनाचा आढावा असे म्हणतात. प्रबंधातील आरंभीचे प्रकरण, नियतकालिकातील स्वतंत्र आढावालेख आणि आधी ठरविलेल्या नियमांनुसार केलेला पद्धतशीर आढावा, ही त्याची प्रमुख रूपे होत. शोध, निवड, नोंद, मूल्यमापन व संश्लेषण असे या कार्याचे सामान्यतः पाच टप्पे पडतात. एकोणिसाव्या शतकापासून यांपैकी एकेक टप्पा मुद्रित सूची, पत्रसूची, संगणक आणि अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्ता यांच्याकडे अंशतः सोपविला गेला. प्रत्येक नव्या साधनाने अभ्यासकाचा आवाका वाढविला. परंतु त्या साधनाचे शास्त्रीय मोल मात्र त्याच्या वेगापेक्षा एका वेगळ्याच गोष्टीवरून ठरत आले आहे : त्याने पुढे केलेल्या विधानाचा माग मूळ लेखापर्यंत कोणाही दुसऱ्या अभ्यासकास पुन्हा घेता येतो किंवा नाही.

मुद्रित साधनांचा काळ : मुद्रणकलेच्या प्रसारानंतर शंभर वर्षांच्या आतच ग्रंथांच्या संख्येमुळे विद्वानांची अडचण होऊ लागली. स्विस पंडित कोनराट गेस्नर (१५१६–६५) याने १५४५ मध्ये लॅटिन, ग्रीक व हिब्रू भाषांतील ग्रंथांची बिब्लिओथेका युनिव्हर्सालिस ही विस्तृत सूची प्रसिद्ध केली. १६६५ मध्ये पॅरिस व लंडन येथे विद्वत्तापूर्ण नियतकालिके निघू लागली आणि ग्रंथाऐवजी लेख हे संशोधनाचे एकक बनण्यास प्रारंभ झाला.

आढाव्याचे महत्त्व दाखविणारे एक प्रारंभीचे उदाहरण स्कॉटिश नाविक वैद्य जेम्स लिंड (१७१६–९४) याचे आहे. त्याने १७४७ मध्ये स्कर्व्ही झालेल्या १२ खलाशांवर निरनिराळे उपचार करून पाहिले व संत्री-लिंबे सर्वांत गुणकारी असल्याचे त्यास आढळले. १७५३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याने या प्रयोगाबरोबरच त्या रोगावरील पूर्वीच्या लेखनाचा कालानुक्रमे चिकित्सक परामर्शही घेतला. जुन्या चुकीच्या कल्पना दूर केल्याशिवाय विषय स्पष्ट होणार नाही, अशी त्याची भूमिका होती. तथापि ब्रिटिश आरमारात लिंबाचा रस सर्रास देण्याचा निर्णय १७९५ मध्ये म्हणजे प्रयोगानंतर सु. अर्धशतकाने झाला. उपलब्ध ज्ञान आणि वापरात असलेले ज्ञान यांतील हे अंतर पुढील सर्व साधनांच्या मुळाशी आहे.

एकोणिसाव्या शतकात नियतकालिकांची संख्या झपाट्याने वाढली. १८३० मध्ये जर्मनीत औषधनिर्माण व रसायन या विषयांतील लेखांचे गोषवारे देणारे नियतकालिक सुरू झाले. लंडनच्या रॉयल सोसायटीने १८०० ते १९०० या काळातील शास्त्रीय लेखांची सूची हाती घेतली. तिचे १९ खंड १८६७ ते १९२५ या काळात निघाले. म्हणजे शतक संपून २५ वर्षे लोटल्यावर त्याची सूची पूर्ण झाली. अमेरिकेत जॉन शॉ बिलिंग्झ (१८३८–१९१३) याने १८७९ मध्ये इंडेक्स मेडिकस ही वैद्यकीय लेखांची नियतकालिक सूची सुरू केली. केमिकल ॲबस्ट्रॅक्ट्स हे रसायनशास्त्रातील सारनियतकालिक १९०७ मध्ये निघाले. पॉल ऑटले (१८६८–१९४४) व आंरी ला फोंतेन (१८५४–१९४३) या बेल्जियन विधिज्ञांनी १८९५ मध्ये ब्रूसेल्स येथे जगातील सर्व लेखनाची पत्रसूची करण्याचा उपक्रम आरंभिला. तिच्यातील पत्रांची संख्या पुढे एक कोटीवर गेली.

भारतात या कार्यास सैद्धांतिक बैठक ⇨ शियाळी रामामृत रंगनाथन (१८९२–१९७२) यांनी दिली. ग्रंथालयशास्त्राची त्यांची पाच सूत्रे १९३१ मध्ये प्रसिद्ध झाली. वाचकाचा वेळ वाचवावा, हे त्यांपैकी चौथे सूत्र होय. १९५२ मध्ये दिल्ली येथे भारतीय राष्ट्रीय शास्त्रीय प्रलेखन केंद्र (इन्सडॉक) स्थापन झाले व त्याने १९६५ पासून इंडियन सायन्स ॲबस्ट्रॅक्ट्स हे सारनियतकालिक चालविले. मराठीत शंकर गणेश दाते यांनी सिद्ध केलेली मराठी ग्रंथसूची १८०० ते १९३७ या काळातील मुद्रित मराठी ग्रंथांची नोंद देते. तिचा पहिला भाग १९४३ मध्ये व १९३८–५० या काळाचा दुसरा भाग १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला. मराठी वाङ्मयेतिहासाच्या अभ्यासकाला आढाव्याचा आरंभ आजही या सूचीपासून करावा लागतो.

संगणकाचा प्रवेश : अमेरिकन अभियंता व्हॅनिव्हार बुश (१८९०–१९७४) याने १९४५ मध्ये लिहिलेल्या एका लेखात ‘मेमेक्स’ या काल्पनिक यंत्राचे वर्णन केले. अभ्यासकाचे सर्व ग्रंथ व टिपणे सूक्ष्मपटावर साठवून त्यांतील परस्परसंबंधांच्या वाटा नोंदविणारे हे मेज होते. एकाने आखलेली वाट दुसऱ्यास जशीच्या तशी देता यावी, ही त्यातील महत्त्वाची कल्पना होय. हान्स पेटर लून (१८९६–१९६४) याने १९५८ मध्ये संगणकाकडून गोषवारे तयार करण्याची रीत मांडली. लेखात वारंवार येणारे अर्थपूर्ण शब्द मोजावयाचे व असे शब्द ज्या वाक्यांत दाटीने येतात ती वाक्ये उचलावयाची, असे तिचे स्वरूप होते. या गोषवाऱ्यातील प्रत्येक वाक्य मूळ लेखातीलच असे. ते ओबडधोबड असले, तरी बनावट असू शकत नसे.

इंग्लंडमधील क्रॅनफील्ड येथे सिरिल क्लेव्हर्डन (१९१४–९७) याने १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून केलेल्या प्रयोगांतून शोधपद्धतींची तुलना करण्याची मापे रूढ झाली. उपयुक्त लेखांपैकी किती हाती लागले ते ‘समग्रता’ सांगते, तर हाती लागलेल्यांपैकी किती उपयुक्त निघाले ते ‘अचूकता’ सांगते. एक वाढविली की बहुधा दुसरी घटते. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाने १९६४ मध्ये मेडलार्स ही संगणकीय शोधव्यवस्था सुरू केली. एफ्. डब्ल्यू. लँकेस्टर याने १९६८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत तिची समग्रता सु. ५८ टक्के व अचूकता सु. ५० टक्के भरली. कुशल सूचीकारांच्या हातीही दर पाच उपयुक्त लेखांपैकी सु. दोन निसटत होते, असा त्याचा अर्थ होतो. हीच व्यवस्था पुढे १९७१ पासून मेडलाइन या नावाने दूरसंचाराद्वारे उपलब्ध झाली व १९९७ मध्ये पबमेड या रूपात सर्वांस विनामूल्य खुली झाली.

यूजीन गारफील्ड (१९२५–२०१७) याने १९५५ मध्ये संदर्भसूचीवर आधारलेल्या शोधाची कल्पना मांडली व १९६० च्या दशकात सायन्स सायटेशन इंडेक्स ही सूची प्रत्यक्षात आणली. एखाद्या लेखाचा आधार नंतर कोणी घेतला, हे तिच्यामुळे कळू लागले. विषयशब्दांऐवजी लेखकांनीच दिलेल्या संदर्भांवर ती विसंबत असल्याने संदर्भ खरा व नेमका असणे, ही ज्ञानव्यवहाराची मूलभूत अट ठरली. जेरार्ड सॉल्टन (१९२७–९५) आणि कॅरेन स्पार्क जोन्स (१९३५–२००७) यांनी शब्दांना त्यांच्या दुर्मिळतेनुसार वजन देऊन लेखांचा क्रम लावण्याच्या रीती विकसित केल्या.

यंत्रसाहाय्याने नवे ज्ञानही हाती लागू शकते, हे शिकागो येथील डॉन स्वॉन्सन (१९२४–२०१२) याने १९८६ मध्ये दाखवून दिले. माशांच्या तेलाने रक्ताचा दाटपणा कमी होतो, असे लेखांच्या एका गटात नमूद होते. हातापायांची बोटे थंडीने पांढरी पडण्याच्या रेनो विकारात रक्त अधिक दाट असते, असे दुसऱ्या गटात म्हटले होते. परंतु हे दोन्ही गट परस्परांचा उल्लेख करीत नव्हते. स्वॉन्सनने संगणकीय शोधातून ते जुळवून तेलाच्या उपयोगाचे गृहीतक मांडले व १९८९ मधील एका चाचणीत प्राथमिक स्वरूपाच्या रुग्णांपुरता त्यास दुजोरा मिळाला. त्याने आपल्या अनुमानाची प्रत्येक पायरी मूळ लेखासह दाखविली होती, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

पद्धतशीर आढाव्याचा उदय : अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र करण्याचा एक प्रारंभीचा प्रयत्न कार्ल पिअर्सन (१८५७–१९३६) याने १९०४ मध्ये केला. आंत्रज्वरावरील लसीच्या परिणामांची ही आकडेवारी दक्षिण आफ्रिका व हिंदुस्थान येथील ब्रिटिश सैन्यातून आलेली होती. जीन ग्लास याने १९७६ मध्ये अशा एकत्रित विश्लेषणास ‘मेटा-ॲनालिसिस’ हे नाव दिले. प्रत्येक वैद्यकशाखेतील नियंत्रित चाचण्यांचे चिकित्सक सार वेळोवेळी उपलब्ध असले पाहिजे, असा आग्रह ब्रिटिश वैद्य आर्ची कॉक्रन (१९०९–८८) याने धरला. त्याच्या नावाची आंतरराष्ट्रीय संघटना १९९३ मध्ये स्थापन झाली.

आढावा न घेतल्याची किंमत किती असू शकते, हे १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणाने दाखविले. हृदयविकाराच्या झटक्यात रक्ताची गुठळी विरघळविणाऱ्या स्ट्रेप्टोकायनेज या औषधाच्या १९५९ ते १९८८ या काळात ३३ चाचण्या झाल्या. पहिल्या आठ चाचण्यांतील २,४३२ रुग्णांची माहिती एकत्र केली असती, तर औषधाने मृत्यू कमी होतात हे १९७३ मध्येच सिद्ध झाले असते. नंतरच्या २५ चाचण्यांत आणखी ३४,५४२ रुग्ण सहभागी झाले. पण निष्कर्षात फारसा फरक पडला नाही. त्यांतील तुलनेसाठी ठेवलेल्या रुग्णांना हे उपयुक्त औषध मिळाले नव्हते. सर्व पुरावा छापून ग्रंथालयांत आलेला होता. तो एकत्र वाचला गेला नव्हता.

या जाणिवेतून आढाव्याचे नियम कडक झाले. कोणत्या सूचींत, कोणत्या शब्दांनी व कोणत्या दिवशी शोध घेतला, किती लेख वगळले व का वगळले, हे सर्व नमूद करण्याचे प्रिस्मा हे निकष २००९ मध्ये तयार झाले व २०२० च्या आवृत्तीत त्यांची सुधारणा झाली. निवड सामान्यतः दोन अभ्यासकांनी परस्परांपासून स्वतंत्रपणे करावी, असा संकेत रूढ झाला. या काटेकोरपणामुळे श्रम फार वाढले. २०१० मधील एका अंदाजानुसार वैद्यकात दररोज ७५ चाचण्या व ११ पद्धतशीर आढावे प्रसिद्ध होत होते. तर २०१७ मधील एका पाहणीत एका आढाव्यास सरासरी सु. ६७ आठवडे लागत असल्याचे आढळले. आढावा पूर्ण होईपर्यंत तो शिळा होण्याची भीती त्यामुळे उत्पन्न झाली.

शिकणारी यंत्रे : या अडचणीवर पहिला व्यवहार्य उपाय निवडीच्या टप्प्यात सापडला. अभ्यासक काही गोषवारे स्वतः वाचून ‘घ्यावा’ किंवा ‘वगळावा’ असा शेरा देतो. त्या शेऱ्यांवरून यंत्र शब्द व निर्णय यांचा संबंध शिकते आणि उरलेल्या गोषवाऱ्यांचा क्रम लावते. नव्या शेऱ्यांबरोबर हा क्रम सुधारत जातो. अमेरिकेतील ऑरेगन येथे २००६ मध्ये औषधविषयक १५ आढाव्यांवर याचे परीक्षण झाले. ९५ टक्के समग्रता राखून किती वाचन वाचते, हे त्यात मोजले गेले. काही विषयांत बचत नगण्य होती, तर सर्वांत अनुकूल विषयात ती निम्म्याहून अधिक भरली. पुढे अब्स्ट्रॅकर, कतारमधील रय्यान (२०१६), नेदर्लंड्समधील उत्रेख्त विद्यापीठाचे एएसरिव्ह्यू इ. साधने प्रचारात आली. चाचण्यांतील पक्षपाताचा धोका ओळखू पाहणारे रोबोटरिव्ह्यूअर हे साधनही याच सुमारास तयार झाले.

या साधनांत निर्णय अभ्यासकाचा व क्रम यंत्राचा, अशी श्रमविभागणी होती. वाचन कोठे थांबवावे, हा त्यांतील कठीण प्रश्न होय. कारण न वाचलेल्या ढिगात एखादा महत्त्वाचा लेख उरला नाही, याची खात्री क्रमावरून देता येत नाही. तथापि वाचलेले व न वाचलेले लेख यांची यादी उपलब्ध असल्याने चूक झाल्यास ती शोधता येई.

कोव्हिड-१९ च्या साथीत या साधनांची मोठी कसोटी लागली. मार्च २०२० मध्ये संशोधकांसाठी खुला केलेला कॉर्ड-१९ हा लेखसंग्रह सु. २८,००० लेखांचा होता; जून २०२२ मधील त्याच्या अखेरच्या आवृत्तीत लेखांची संख्या १० लाखांवर गेली होती. लेख शोधणे यंत्राला जमले. लेख विश्वसनीय आहे की नाही, हे ठरविणे मात्र त्याला जमले नाही. आयव्हरमेक्टिन या औषधाची परिणामकारकता सांगणारा एक पूर्वमुद्रित लेख त्यातील आकडेवारीविषयी गंभीर शंका निघाल्यामुळे जुलै २०२१ मध्ये मागे घेण्यात आला. तोपर्यंत अनेक एकत्रित विश्लेषणांत त्याचा समावेश झालेला होता व तो वगळताच त्यांतील अनुकूल निष्कर्ष दुबळे पडले. मूळ आकडे मागवून ते पडताळणाऱ्या मोजक्या अभ्यासकांमुळे हा दोष उघड झाला.

भाषिक प्रतिमाने : २०१७ मध्ये मांडल्या गेलेल्या ‘ट्रान्सफॉर्मर’ या रचनेमुळे प्रचंड मजकुरावर शिकविलेली मोठी भाषिक प्रतिमाने शक्य झाली. दिलेल्या मजकुरानंतर कोणता शब्द येणे संभवनीय आहे, हे वर्तवीत जाणे ही त्यांची मूळ क्रिया होय. त्यामुळे त्यांची भाषा ओघवती असते. परंतु विधान व त्याचा आधार यांची सांगड त्या क्रियेत अंगभूत नसते. मेटा या कंपनीने सु. ४ कोटी ८० लाख शास्त्रीय लेखांवर शिकविलेले गॅलॅक्टिका हे प्रतिमान १५ नोव्हेंबर २०२२ रोजी खुले केले. विषयाचा आढावा लिहून देणे, हा त्याचा एक घोषित उपयोग होता. ते अस्तित्वात नसलेले लेख व चुकीची विधाने आत्मविश्वासाने सादर करते, अशी टीका झाल्याने त्याचे खुले प्रात्यक्षिक तीन दिवसांत बंद करण्यात आले. त्याच महिन्याच्या अखेरीस चॅटजीपीटी हे साधन उपलब्ध झाले व थोड्याच काळात विद्यार्थी आणि संशोधक यांच्या नित्य वापरात आले.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चॅटजीपीटीकडून ४२ विषयांवर लिहवून घेतलेल्या ८४ छोट्या निबंधांतील ६३६ संदर्भ तपासण्यात आले. जीपीटी-३.५ या आवृत्तीचे ५५ टक्के व जीपीटी-४ या आवृत्तीचे १८ टक्के संदर्भ अस्तित्वातच नसलेल्या लेखनाचे निघाले. लेखकाचे नाव, नियतकालिक, वर्ष व पृष्ठांक ही सर्व अंगे संभाव्य वाटावीत अशी जुळविलेली असत. चारशे वर्षांच्या इतिहासात सूचीकारांकडून लेख निसटले, वर्षे चुकली, नावे बदलली. परंतु नसलेला लेख मोठ्या प्रमाणावर निर्माण करणारे साधन पूर्वी नव्हते.

हा दोष कमी करण्यासाठी आधी लेखसंग्रहात शोध घेऊन सापडलेल्या मजकुराच्या आधारे उत्तर लिहविण्याची रीत अवलंबिली गेली. एलिसिट, कन्सेन्सस इ. साधने तिच्यावर आधारलेली आहेत. २०२४ च्या अखेरीपासून गूगल, ओपनएआय इ. कंपन्यांनी अनेक टप्प्यांचा शोध आपोआप घेऊन दीर्घ अहवाल तयार करणारी साधनेही उपलब्ध केली. अशा अहवालांत बनावट संदर्भांचे प्रमाण घटते. तथापि लेख खरा असूनही त्यात नसलेले विधान त्याच्या नावावर घातले जाण्याचा धोका राहतो. वाचक संदर्भ उघडून तो अस्तित्वात आहे एवढेच पाहत असल्याने हा दुसरा दोष अधिक काळ लपून राहतो. तोच प्रश्न पुन्हा विचारल्यास वेगळे लेख व वेगळे उत्तर येऊ शकते. त्यामुळे शोध पुन्हा करून पाहता आला पाहिजे, ही पद्धतशीर आढाव्याची अट पाळणे कठीण जाते. अनेक लेख वर्गणीच्या पडद्याआड असल्याने यंत्र पुष्कळदा केवळ गोषवाऱ्यावर विसंबते. मागे घेतलेल्या लेखांचा प्रश्नही बिकट आहे. २०२३ या एकाच वर्षात जगभरात १०,००० हून अधिक शोधलेख मागे घेण्यात आले.

भारतातील स्थिती : भारतीय प्रबंधांचा शोधगंगा हा संग्रह गांधीनगर येथील इन्फ्लिबनेट केंद्र चालविते. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये मान्य केलेल्या ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ या योजनेन्वये जानेवारी २०२५ पासून शासकीय उच्चशिक्षण व संशोधन संस्थांना सु. १३,००० नियतकालिके उपलब्ध झाली. मराठीतील संशोधनाच्या बाबतीत अडचण वेगळ्या स्वरूपाची आहे. जुन्या मराठी नियतकालिकांतील लेखांना गोषवारे नाहीत, अनेक अंक केवळ छायाप्रतींच्या रूपात आहेत व त्यांतील जोडाक्षरे यंत्राकडून चुकीची वाचली जातात. मुख्यतः इंग्रजी लेखांच्या संग्रहावर चालणारे साधन अशा विषयावर काही सापडले नाही असे सांगते, तेव्हा लेखन नाही आणि लेखन नोंदलेले नाही, हा फरक अभ्यासकालाच करावा लागतो. त्यासाठी दाते यांच्यासारख्या सूचीकारांचे काम व प्रत्यक्ष ग्रंथसंग्रहालये यांना पर्याय नाही.

नियम व मूल्यमापन : वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने २०२३ मध्ये असे ठरविले, की कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनास लेखक म्हणता येणार नाही, कारण ते मजकुराची जबाबदारी घेऊ शकत नाही, तसेच त्याचा वापर केल्यास तो नमूद करावा. कॉक्रन व अन्य तीन आढावा-संघटनांनी २०२५ मध्ये काढलेल्या संयुक्त निवेदनातही अंतिम जबाबदारी आढावाकर्त्यांचीच राहील, हे स्पष्ट केले. व्यवहारात शोधशब्द सुचविणे, गोषवाऱ्यांचा क्रम लावणे, दुसऱ्या निवडकाराने घेतलेल्या निर्णयांची फेरतपासणी करणे आणि परभाषीय लेखाचा कच्चा अनुवाद करणे, ही कामे यंत्राकडून उपयुक्त रीतीने करवून घेता येतात, कारण त्यांतील चूक मूळ लेख पाहून दुरुस्त करता येते. पुराव्याचे वजन ठरविणे व निष्कर्ष लिहिणे ही कामे तशी नाहीत. आढावा लिहिताना नवशिक्या संशोधकास आपल्या विषयातील मतभेद, फसलेल्या वाटा व पुराव्याचा कमकुवतपणा यांची ओळख होते. तयार सार वाचून ती होत नाही.

स्ट्रेप्टोकायनेजचे उदाहरण आढाव्यास उशीर झाल्यास रुग्णांचे काय होते हे दाखविते, तर आयव्हरमेक्टिनचे उदाहरण तो घाईने व पडताळणीविना झाल्यास काय होते हे दाखविते. यंत्राने पहिला धोका बराच कमी केला आहे. दुसरा धोका कमी होण्यासाठी आढाव्यातील प्रत्येक विधानामागे कोणीतरी प्रत्यक्ष वाचलेला लेख असला पाहिजे. ही अट लिंडच्या काळी होती व आजही तीच आहे.